बिशारा उस्तांची अंगठी

शुब्रा वस्तीतल्या आमच्या कारखान्यात चहाचे ग्लास होतात. दुपारी भट्टीच्या धगीत सगळंच तरंगायला लागतं. पट्ट्यावरचे ग्लाससुद्धा पाण्यातून येताहेत असं वाटतं. त्या गुंगीत एकच आवाज खरा, बिशारा उस्तांच्या अंगठीचा. उस्ता म्हणजे मुरलेला कारागीर; माल तपासायचं काम त्यांचं, प्रत्येक ग्लासाला ते अंगठीनं हलकेच ठोकतात. चांगला ग्लास कितीतरी वेळ गुणगुणतो, तडा गेलेला नुसता खट करतो.

मोठ्या संपानंतर युनियन आणि मालकांनी करार केला, तो लिहिला उस्तांनीच. माल खराब दिसला की कुणीही हिरवी दोरी ओढून पट्टा थांबवायचा, आणि ओढणाऱ्याला कुणी जाब विचारायचा नाही.

मी त्यांच्यासमोर बसून खोकी भरते. एका मंगळवारी मला डुलकी लागली होती. झोपेतच खट ऐकू आलं. डोळे उघडले तर उस्तांनी तो ग्लास पुढे सोडलेला. भट्टीच्या घरघरीनं म्हाताऱ्याचे कान गेले होते, आणि हे कळलं तर त्यांना घरी बसवणार. मी तोंडावर काही दिसू दिलं नाही. हाताला लागतील ते वाईट ग्लास गुपचूप पायाशी टाकत राहिले.

आठवड्यानं एक खोकं परत आलं. चहा ओतताच ग्लास फुटून एका बाईचा हात भाजला होता. खोक्यावर माझा शिक्का होता.

पुन्हा खट ऐकू येताच मी दोरी ओढली. मालकांचे मॅनेजर रिफअत साहेब धावत आले आणि कराराप्रमाणे गप्प उभे राहिले.

"उस्ता, तुम्हाला ऐकू येत नाही," मी ओरडून म्हणाले. मला रडू येत होतं.

"वर्ष झालं, नजात," उस्ता माझ्या ओठांकडे बघत म्हणाले.

"मग इतके दिवस माल कसा ओळखलात?"

"तुझ्या तोंडावरून. खट वाजलं की तुझ्या भुवया वर जायच्या. या आठवड्यात हलल्याच नाहीत. म्हटलं, चला, माल सुधारला."

साहेब त्यांच्यासमोर येऊन म्हणाले, "मग आता कसं करायचं, उस्ता?"

"ठोकीन मी, ऐकेल ती. तपासणीच्या कागदावर नावं दोघांची."

साहेबांनी स्वतः माझी खुर्ची उचलून त्यांच्याशेजारी ठेवली. पट्टा सुरू झाला. उस्ता ठोकतात आणि माझ्याकडे बघतात.

दोरी उशिरा का ओढली, हे मला कुणीच विचारलं नाही. करारात तसंच आहे. त्या बाईचा हात आठवतो तेव्हा वाटतं, कुणीतरी विचारायला हवं होतं.