झिन्सहाइमच्या छतावर

खोटं बोलायला माणसाला दोन भाषा याव्या लागत नाहीत, पण आल्या तर सोय होते. प्रतापची चांगलीच झाली.

त्याचे वडील आत्माराम मे महिन्यात हायडेलबर्गला आले, ते महिनाभर राहायचं म्हणून. एकटेच आले. उभा जन्म त्यांनी एअर इंडियाच्या सीट शॉपमध्ये विमानातल्या खुर्च्यांची कव्हरं शिवण्यात घालवला, पण त्यांची बायको सरिता कधी म्हणून विमानात बसली नाही. नोकरीत होते तेव्हा घरच्यांना तिकीट जवळजवळ फुकट मिळायचं, तरी नाही. "तुम्ही शिवलेल्या गादीवर बसून मला वर जायचं नाही," असं म्हणून ती विषय संपवायची. तिनं पासपोर्टसुद्धा काढला नव्हता. कालिन्याचं क्वार्टर सुटल्यापासून दोघं बदलापूरला राहायची, आणि तिथून आत्माराम नातीसाठी सीटच्या उरल्यासुरल्या कापडाची एक पिशवी शिवून घेऊन आले.

नात अन्वी आठ वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं ते जर्मनमध्ये. आजोबा मराठीत विचारायचे, ती जर्मनमध्ये सांगायची, आणि कोणाचं काही अडायचं नाही. प्रताप तिथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, सून नीता एका लॅबमध्ये. दिवसभर आजोबा आणि नात मिळून कागदी विमानं करायची नि बाल्कनीतून खालच्या सायकलींवर सोडायची. हाउसमाइस्टरनं, म्हणजे इमारत सांभाळणाऱ्या माणसानं, एकदा येऊन दमही दिला. मजेत चाललं होतं म्हणा की.

मग आत्मारामांना जेवण जाईना. आधी पाणी बदललं म्हणून, मग हवा बदलली म्हणून, मग ब्रेड सोसत नाही म्हणून. जूनच्या सुरुवातीला डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा प्रताप त्यांना दवाखान्यात घेऊन गेला. तपासण्या झाल्या. डॉक्टरीण चाळिशीची, शांत बाई. तिनं विचारलं, इंग्रजीत बोलू का? आत्मारामांना इंग्रजी कामापुरतं कळायचं, डॉक्टरसमोर मात्र बोलायची लाज वाटायची. प्रतापनं परस्पर सांगून टाकलं की त्यांना येत नाही, जर्मनमध्येच बोला, मी सांगतो त्यांना. इथूनच सगळं फिसकटलं.

बाई बोलली ते स्पष्ट होतं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. औषधानं फार काही साधायचं नाही. आज त्यांची तब्येत प्रवासाला ठीक आहे, पण ही अशी राहणार नाही. त्यांना घरी जायचं असेल, घरच्यांना भेटायचं असेल, तर आताच जावं. हे सांगताना ती प्रतापकडे नाही, आत्मारामांकडे बघत होती, आणि मधूनच हलकेच मान हलवत होती.

"काय म्हणते रे?" आत्मारामांनी विचारलं.

"यकृताला सूज आहे म्हणतात, अण्णा. औषधं सुरू करू. थोडं काम बाकी आहे, मग सगळं ठीक होईल."

डॉक्टरणीनं विचारलं, त्यांना समजलं का? प्रताप म्हणाला, हो, हो, समजलं. आत्मारामांनी हात जोडून तिला नमस्कार केला. बिचारीला वाटलं, किती धीराचा माणूस आहे.

आता प्रताप काही वाईट मुलगा नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. त्यांच्या घरात असं तोंडावर कोणी कोणाला सांगत नसे. विलासकाकांना एका आगाऊ डॉक्टरनं सांगितलं होतं, आणि त्यांनी असा धसका घेतला की आठवड्याच्या आत गेले. निदान घरात सगळे तसंच म्हणायचे. आजारानं नाही गेला, ऐकून गेला, हे वाक्य प्रताप लहानपणापासून ऐकत आला होता. शिवाय आणखी एक गोष्ट होती, जी तो नीतालाही बोलला नाही. अण्णा घरी गेले म्हणजे मरायला गेले, आणि इथे आहेत तोवर काहीतरी होईल. जर्मनी आहे, मोठमोठी हॉस्पिटलं आहेत, काहीतरी निघेल. माणूस बुडायला लागला की शेवाळ्यालाही हात घालतो.

नीतानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सांग त्यांना. ती म्हणाली, कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही. प्रताप चिडला. तुझे वडील असते तर बोलली असतीस का, असं काहीतरी लागट बोलून गेला. ती गप्प बसली, आणि ती गप्प बसली हे तिचंही चुकलंच.

आणि मग परतीचं तिकीट पुढे गेलं. एकदा औषधाचा कोर्स म्हणून, एकदा स्कॅनसाठी म्हणून. दर रविवारी बदलापूरहून सरिताबाईंचा फोन यायचा. त्यांनाही प्रतापनं तेच सांगितलं, सूज आहे, विश्रांती सांगितलीय. त्या म्हणायच्या, अरे विश्रांती इथे काय विकत मिळते का, पाठव की त्यांना. प्रताप हसायचा आणि फोन अण्णांच्या हातात द्यायचा. जुलै संपता संपता तो आउसलेंडरबेहोर्डेच्या, म्हणजे परदेशी लोकांचे कागद बघणाऱ्या ऑफिसात जाऊन वडिलांचा व्हिसाही वाढवून आला, आणि मोठी लढाई जिंकल्यासारखा घरी आला. करंट्याला तो दिवस आनंदाचा वाटला.

ऑगस्टमध्ये आत्माराम म्हणाले, मला ते विमान दाखव.

ते विमान म्हणजे कॉन्कॉर्ड. हायडेलबर्गहून हायवेनं अर्ध्या तासावर झिन्सहाइम नावाचं गाव आहे. तिथल्या म्युझियमच्या छतावर दोन विमानं उभी आहेत, एक फ्रेंचांचं कॉन्कॉर्ड आणि एक रशियनांचं, त्याच्याच जोडीचं. प्रवासी घेऊन आवाजापेक्षा वेगानं उडणारी विमानं जगात झाली ती या दोनच जातींची. दोन्ही जाती निवृत्त झाल्या, आणि त्यातलं एकेक इथे शेजारीशेजारी खांबांवर चढवून ठेवलंय. आत्मारामांच्या उमेदवारीच्या काळात एअर इंडियानं अशी दोन विमानं सांगून ठेवली होती. सीट शॉपमध्ये तेव्हा नुसता उत्साह. त्याच्या खुर्च्या अरुंद असणार, कापड हलकं लागणार, हे काम कोणाला मिळणार, यावरून चहाच्या वेळी भांडणंसुद्धा व्हायची. मग मागणी रद्द झाली आणि सगळे पुन्हा जुन्याच खुर्च्या शिवायला बसले. तेव्हापासून आत्मारामांच्या मनात ते विमान राहून गेलं होतं.

तोवर त्यांचं पोट फुगलं होतं, पाय सुजले होते, जिना चढला की धाप लागायची. नीता नको म्हणाली. पण माणूस तीन महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी मागत होता. शनिवारी सगळे निघाले.

लांबूनच दिसली ती विमानं. दोघांची नाकं वर, अंग तिरकं, आत्ताच जमीन सोडल्यासारखी. अन्वीनं गाडीत टाळ्या वाजवल्या. आत्माराम काच खाली करून बघत राहिले. खाली उतरल्यावर प्रतापनं तिथली पाटी वाचून त्यांना सांगितलं, की हे विमान जवळच्या विमानतळापर्यंत उडत आलं, आणि तिथून पुढे नदीतून बोटीनं नि रस्त्यानं ट्रकवर.

"विमानानं शेवटी बोटीतून यायचं म्हणजे कमालच आहे," आत्माराम म्हणाले, आणि हसले. मग वर बघून म्हणाले, "थकलेल्या जनावराला आपण बसू तरी देतो. याला असंच उभं ठेवायचं का आता?"

वर जायला लोखंडी जिना होता. ते चार पायऱ्या चढायचे, थांबायचे. मागून येणारे लोक गुमान थांबून राहायचे. आत शिरल्यावर जमीन तिरकी, त्यामुळे चढ चढतोय असंच वाटायचं. खुर्च्या काचेपलीकडे होत्या. आत्मारामांनी काचेला हात टेकून बराच वेळ त्या बघितल्या, शिवण कुठून कुठे गेलीय ते बोटानं काचेवर रेघ ओढत बघितलं. चेहरा इतका खूष की प्रतापला वाटलं, बघा, मी केलं ते बरोबरच केलं. यांना इथे ठेवून घेतलं नसतं तर हे कुठून दिसलं असतं?

दाराशी म्युझियमचा एक म्हातारा माणूस उभा होता, लोकांना माहिती सांगायला. आत्माराम प्रतापला म्हणाले, याला विचार, हे परत कधी उडेल का?

प्रतापनं विचारलं. म्हातारा छान हसला. नाही, तो म्हणाला, कधीच नाही. तेल काढून टाकलंय, खांबांना जखडलंय. त्यानं दोन्ही तळहात पालथे करून खाली दाबले आणि सावकाश मान हलवली. बघायला येतात लोक, तेवढंच आता याचं काम.

प्रताप वडिलांकडे वळला. आता इथे खोटं बोलायची काय गरज होती, सांगा बरं? विमानाला थोडाच धसका बसणार होता? पण जिभेला वळण पडलं की पडलं. त्याच्या तोंडून निघून गेलं, "थोडं काम बाकी आहे म्हणतात, अण्णा. मग बघतील."

 आत्मारामांनी म्हाताऱ्याकडे बघितलं, मग काचेपलीकडच्या खुर्च्यांकडे, मग मुलाकडे. अन्वीनं आईचा हात धरला होता. ती जर्मनमध्ये म्हणाली, पण त्यांनी तर नाही म्हटलं. ते आत्मारामांना कळलं नाही. कळायची गरजही नव्हती.

"तो माणूस नाही म्हणाला," आत्माराम म्हणाले. "मी बघत होतो. अशी मान हलवून नाही म्हणाला."

प्रताप म्हणाला, तसं नाही, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या...

"ती डॉक्टरीणही अशीच मान हलवत होती, प्रताप. जूनमध्ये. आणि तूही हेच वाक्य बोलला होतास."

 नीता अन्वीला घेऊन खाली निघून गेली. आत्माराम बाहेर येऊन लोखंडी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. खाली पार्किंगमध्ये उन्हात गाड्या चकाकत होत्या. ते म्हणाले, बस इथे, आणि ती बाई काय म्हणाली ते सगळं सांग, तिनं सांगितलं तसं.

प्रतापनं सांगितलं. सुरुवातीला त्याला जमेना, मग जमलं. रोगाचं नाव सांगितलं तेव्हा आत्माराम नुसते हूं म्हणाले, जणू त्यांनी ते कधीच ओळखलं होतं. पण 'घरी जायचं असेल तर आताच जावं' हे ऐकल्यावर मात्र त्यांनी कठडा घट्ट धरला.

"हे जूनमध्ये म्हणाली?"

"हो."

"माझं तिकीट होतं तेव्हा?"

प्रताप रडायला लागला. मला तुम्ही हवे होतात, म्हणाला. मला वाटलं काहीतरी होईल. विलासकाकांचं बघितलं होतं मी. तो लहान मुलासारखा बोलत सुटला आणि आत्मारामांनी त्याला बोलू दिलं. त्यांना राग आला होता, खूप आला होता, पण अंगात ताकद नव्हती. ते एवढंच म्हणाले, की विलास ऐकून गेला नाही, तो रोगानंच गेला. पण त्या आठवड्यात त्यानं बायकोला जवळ बसवून सगळं बोलून घेतलं. "तुम्हाला पोरांना ते कोणी सांगितलं नाही," ते म्हणाले, "आमचंच चुकलं."

मग त्यांनी विचारलं, उद्याचं तिकीट मिळेल का?

सोमवारी ते डॉक्टरणीकडे गेले. या वेळी आत्माराम स्वतः इंग्रजीत बोलले, मोडकं तोडकं, पण स्वतः. बाईनं आधी त्यांच्याकडे आणि मग प्रतापकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला. पण बोलली ती आत्मारामांशीच. पोटात आणि छातीत पाणी झालंय. विमानात हवा विरळ असते, तुम्हाला श्वास पुरणार नाही, कुठलीच कंपनी तुम्हाला असं घेणार नाही, आणि मी तसं लिहूनही देऊ शकत नाही. आत्मारामांनी विचारलं, पाणी काढलं तर? ती म्हणाली, काढू, पण ते पुन्हा भरेल, आणि आता दिवस थोडे आहेत. सरिताबाईंना आणायचं म्हटलं तर पासपोर्टपासून सुरुवात. सगळं तातडीनं केलं तरी महिना जाणार. डॉक्टरीण तर महिनाही म्हणाली नव्हती.

घरी आल्यावर आत्माराम सोफ्यावर पडले. प्रताप म्हणाला, आईला मी हळूहळू सांगतो, आधी थोडी कल्पना देतो. त्यावर त्यांनी डोळे उघडले.

"आत्ता लाव फोन. आणि एक शब्द बदलायचा नाही."

प्रतापनं फोन स्पीकरवर ठेवला आणि सांगितलं. रोग सांगितला, डॉक्टरीण काय म्हणाली ते सांगितलं, आणि अण्णांना आता येता येणार नाही तेही सांगितलं. पलीकडून फक्त पंख्याची घरघर ऐकू येत होती. सरिताबाई रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, जेवले का ते? मग विचारलं, तुला कधी कळलं?

"जूनमध्ये."

"तेव्हा येता आलं असतं त्यांना?"

"हो."

 त्या बाईला विमानांतलं काही कळत नव्हतं, कळून घ्यायचंही नव्हतं तिला कधी. गावाच्या एसटीबद्दल विचारावं तसं तिनं विचारलं,

"तिथून मुंबईला विमान किती दिवसांनी असतं रे?"

प्रतापनं वडिलांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते.

"रोज असतं, आई," तो म्हणाला.