उतारावरची भर

प्रयोगशाळेत मातीचा लांबट दंडगोल लोखंडी नळीतून हळूहळू बाहेर सरकत होता. इंगुनने तो दोन्ही तळव्यांवर अलगद झेलला, टेबलावर ठेवला आणि तार लावून उभा कापला. निळसर करडी, लोण्यासारखी माती. मधोमध एक काळा खडा.

"हे डांबर ना गं?" शेजारच्या टेबलावरून एस्किल वाकून पाहत म्हणाला. "तुमच्या गावात शेतात रस्ते पेरतात की काय?"

इंगुन हसली नाही. तिने खडा बोटांत धरला. एक बाजू सपाट होती, चाकांनी घासून गुळगुळीत झालेली. ही नळी उताराच्या पायथ्याशी, चार पुरुष खोलीवरून काढलेली. आणि त्या उतारावर कधीच डांबरी रस्ता नव्हता.

तो उतार तिच्या घरामागचा होता.

ती नऊ वर्षांची होती तेव्हा एप्रिलमध्ये, बर्फ वितळत असताना, घरामागची जमीन सुटली. सुटली म्हणजे अक्षरशः पातळ झाली आणि ओढ्याकडे वाहून गेली. तिची आई, टोरुन, व्यायला आलेल्या मेंढ्या बघायला नव्या गोठ्यात गेली होती. शेजारच्या बोर्गहिलचा नवरा टोर्लेव्ह खाली कुंपण बांधत होता. टोर्लेव्हचा मृतदेह सापडला. टोरुन सापडली नाही, गोठाही नाही. घर मात्र कड्याच्या टोकाशी उभं राहिलं. चौकशीला आलेली माणसं म्हणाली, ओढ्याने उताराचा पाय खाल्ला, निसर्गापुढे इलाज नाही.

तेव्हापासून इंगुन जमिनीवर पाय जपून टेकवायची. शाळेत दोरीवरच्या उड्या मारल्या नाहीत, लग्नांत नाचली नाही. कुठे ओलं फडकं फाटल्याचा आवाज आला की हातातलं काम सोडून ती उभी राहायची. त्या दिवशी तिने ऐकलेला आवाज तसाच होता.

बारावीनंतर ती ट्रॉन्हेमच्या विद्यापीठात आली. भूअभियांत्रिकी, पदवी आणि पदव्युत्तर एकाच दमात, सलग पाच वर्षं. मध्येच सोडायचं तर हाती काही लागण्याची खात्री नाही. बाकीची मुलं बोगदे, धरणं, तेलाच्या विहिरी यांच्या ओढीने आली होती. ती आली होती मातीसाठी. पहिल्याच वर्षी तिने ते पाहिलं: समुद्राच्या तळाशी साठलेली चिकणमाती, तिच्यातलं मीठ हजारो वर्षांच्या पावसाने धुऊन गेलेलं. न हलवता ठेवली तर माणसाचं वजन पेलते. चमच्याने ढवळली की ताकासारखी ओतता येते. वर्गात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इंगुन बाहेर जाऊन पायरीवर बसली होती.

प्रबंधासाठी जागा निवडायची वेळ आली तेव्हा तिने आपलंच गाव मागून घेतलं. गावात उतारालगत नवी घरं बांधायची होती, पंचायतीला तपासणी हवीच होती. तेव्हापासून एक सवय तिला लागली. तिथून आलेली माती काम झाल्यावर बाकीचे सिंकमध्ये धुऊन टाकत. तिला ते जमायचं नाही. ती उरलेली माती बादलीत साठवायची आणि गाडीने परत गावी नेऊन ओढ्याकाठी पसरायची. एस्किलने एकदा विचारलं, "एवढा जीव कशात अडकलाय गं तुझा?" तिने बादलीवर झाकण लावलं.

डांबराचा खडा पाहिला आणि तिला ट्रक आठवले. घसरणीच्या आदल्या पानगळीतले. हमरस्ता उखडला होता, त्याचा राडारोडा फुकट मिळत होता. बाबा ड्रायव्हरांना अंगणात कॉफी देत होता, आणि ती आईच्या मांडीवर बसून ट्रक मोजत होती. गोठ्यासाठी जागा सपाट करायची होती म्हणून उताराच्या डोक्यावर ती सगळी भर टाकली गेली.

तिने गणित मांडलं. भर धरून, भर न धरता. मग सगळं पुसून परत पहिल्यापासून मांडलं. उत्तर बदललं नाही.

तिच्या मार्गदर्शक गुनवोर यांनी नाताळनंतर आकडे पाहिले, मग तिच्याकडे पाहिलं. "नकाशात त्या घरावरचं आडनाव तुझंच आहे ना? मी कधी विचारलं नाही, चुकलंच माझं."

"मला हीच जागा हवी होती."

"अजून वेळ आहे. एस्किलच्या बोगद्यावर काम कर. कुणी नाव ठेवणार नाही तुला."

"आणि ते नवी घरं बांधतील? उरलेल्या भरीवर?"

गुनवोर यांनी आकड्यांचे कागद एकत्र केले. मग म्हणाल्या, "तर मग आधी घरी जा."

रविवारी ती घरी गेली. बाबाने, ओस्मुंडने, मटण आणि कोबी शिजवत ठेवलं होतं. आता तो झोपायचा मागच्या खोलीत, तिची खिडकी कड्याकडे उघडत होती. खाली घसरलेल्या जागेत बर्चची झाडं घरापेक्षा उंच झाली होती. त्याने बटाटे वाढले.

"खात नाहीयेस. तिकडं मासेच खातेस वाटतं रोज."

"बाबा, गोठ्याखाली भर टाकली होती आपण. रस्त्याची."

"हो. चांगली घट्ट भर होती. का गं?"

तिने काटा खाली ठेवला. वर्गात शिकवतात तसं सांगायचं तिने ठरवलं होतं, वजन, दाब, पाण्याची पातळी. तोंडातून निघालं एवढंच, "त्या भरीच्या वजनानं गेलं ते सगळं."

ओस्मुंड चावायचा थांबला. पातेल्यातली वाफ खिडकीच्या काचेवर जमत होती.

"ओढ्यामुळे, म्हणाले होते ते."

"ओढ्यानं पाय खाल्लाच होता. कधीतरी गेलंच असतं. दहा वर्षांनी, पन्नास वर्षांनी. पण त्या एप्रिलमध्ये नाही."

"त्या एप्रिलमध्ये नाही," तो म्हणाला.

तो उठला, बेसिनपाशी गेला, नळ सोडला आणि तसाच उभा राहिला. पाणी वाहत राहिलं.

"तिलाच हवा होता गं गोठा. जुना लांब पडायचा. गुडघे दुखायचे तिचे." मग वळून म्हणाला, "तुला कधी कळलं?"

"पानगळीत."

"म्हणजे नाताळला आलीस तेव्हा ठाऊक होतं तुला. माझ्याबरोबर बसून जेवलीस, झाड सजवलंस." त्याने ओला हात पँटला पुसला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. लहानपणी ठेवायचा तसा जड. "एकटीनं कशाला वागवलंस, पोरी?"

तेव्हा ती रडली. तो रडला नाही. जेवण गार झालं, त्याने ते पुन्हा गरम केलं आणि समोर बसून तिला खायला लावलं.

निघताना ती म्हणाली, "गावच्या सभेत हे मांडताना मी फक्त 'भर' म्हणेन. कुणाची ते सांगायची गरज नाही."

"रस्ता निसरडा आहे," तो म्हणाला. "हळू चालव."

मे महिन्यात गावच्या सभागृहात पंचायतीने बैठक बोलावली. टेबलावर वॅफल आणि तपकिरी चीज होतं, नेहमीसारखं. सगळं गाव लोटलं होतं. टोर्लेव्हच्या मागे राहिलेली बोर्गहिल दुसऱ्या रांगेत बसली होती, शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून. ओस्मुंड मागे दाराशी उभा होता. इंगुनने पडद्यावर उताराचा छेद दाखवला: खाली करडी माती, वर तपकिरी पट्टा. नवी घरं इथे बांधता येणार नाहीत, उरलेली भर काढून पायथ्याशी दगड टाकावे लागतील, कड्याजवळचं घर रिकामं करावं लागेल, असं ती म्हणाली. ते घर कुणाचं हे सगळ्यांना माहीत होतं.

"आणि तेव्हाची ती घसरण?" पंचायतीतल्या एकाने विचारलं. "ती ओढ्यामुळेच ना?"

"ओढ्यामुळे. आणि वर टाकलेल्या भरीमुळे."

"कुणी टाकली होती भर?"

 इंगुनने पुढचं चित्र दाखवायला बटणावर बोट ठेवलं.

"मी टाकली," दाराशी ओस्मुंड म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण सगळीकडे पोचला. "ट्रक मी बोलावले होते. मला ठाऊक नव्हतं. पण टाकली मीच."

 वॅफलच्या यंत्राची टिकटिक ऐकू येत होती. काही जणांनी मान वळवून ओस्मुंडकडे पाहिलं, मग बोर्गहिलकडे. बोर्गहिल पडद्यावरच्या तपकिरी पट्ट्याकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. इंगुनला वाटलं, आता ती उठून निघून जाईल.

बोर्गहिलने हात लांबवला, शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलली आणि आपल्या मांडीवर घेतली.

ओस्मुंडने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. तो लगेच पुढे आला नाही. त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत दाराशीच उभा राहिला.