एका खड्यात दोघं

भट्टीच्या दारावर कागद चिकटवला होता: ‘सोमवारी हलवायची आहे.’ धाकटीनं तो दोनदा वाचला. बेरियम, लोखंड, आर्सेनिक आणि चिमूटभर कोबाल्ट एकत्र वितळवायचं आणि सावकाश निववून त्याचे चकचकीत खडे वाढवायचे, हे तिचं काम. मनातल्या मनात देवाचं नाव घेतल्याशिवाय ती भट्टी लावत नसे. आता ती भट्टीच शेजारच्या विभागात चालली होती.

आणि हे सगळं थोरलीच्या आकड्यांपायी. थोरली म्हणजे तिची सख्खी जाऊ. दोघी एका घरात राहत आणि एकाच प्रयोगशाळेत काम करत. धाकटीनं आपला खडा खूप खूप गार केला, तेव्हा तो अतिवाहक झाला. वीज त्यातून अशी गेली, की वाटेत अडवणारं कोणी नाहीच. त्याच घाण्यातला दुसरा खडा थोरलीनं न्यूट्रॉनच्या झोतात धरला, तर तो गारठून चुंबकी झालेला. लोखंडाच्या अणूंमधली चिमुकली चुंबकं शाळेच्या प्रार्थनेतल्या मुलांसारखी रांगा धरून उभी.

“एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत,” प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर म्हणाले. “तुमच्या खड्यात भेसळ आहे. काही कण चुंबकी, काही अतिवाहक. यापुढं खडे बाहेरून मागवू.”

“दोन जावा बऱ्या राहतात एका प्रयोगशाळेत,” थोरली पुटपुटली. सरांनी ऐकलंच नाही असं दाखवलं.

बाहेर आल्यावर धाकटी हळूच म्हणाली, “जाऊबाई, जरा थांबून दिला असतात अहवाल.”

“चुंबक दिसला तर दिसला म्हणू नको?” थोरलीचा आवाज चढला आणि लगेच उतरला. “अगं, तुझंही खोटं नाही, ठाऊक आहे मला. असं करू, एकच खडा घेऊ. तू तारा जोड, मी झोत सोडते. दोघींच्या देखत काय करतो ते बघू.”

शनिवारी सकाळी धाकटीनं श्वास रोखून नखाएवढ्या खड्याला केसासारख्या तारा चिकटवल्या. थोरली मागून म्हणाली, “शिंकलीस तर घरी भांडी तुझ्याकडं.”

खडा गार होऊ लागला. पडद्यावर चुंबकाचा आकडा चढत गेला, चढतच गेला. मग धाकटीचा विजेचा विरोध एकदम शून्यावर आला, आणि त्याच क्षणी थोरलीचा आकडा खाली घसरू लागला. पुरता गेला नाही, पण चांगलाच उतरला.

“बिघडलं मेलं यंत्र,” थोरलीनं कपाळाला हात लावला. “नाहीतर तुझ्या तारांचा उपद्व्याप.”

त्यांनी वीज बंद ठेवून पाहिलं. खडा गरम करून पुन्हा गार केला. आकडा पुन्हा तिथंच उतरला.

धाकटी पडद्याकडं पाहता पाहता हसायला लागली. “जाऊबाई, आपला सोफा.”

“त्याचं काय मध्येच? टाकून द्या म्हणून घसा कोरडा पडला माझा.”

“संध्याकाळी दादा त्याच्यावर ऐसपैस बसतात. ते सरकतात कधी?” थोरलीच्या नवऱ्याला धाकटी दादा म्हणे.

“शेजारी कोणी येऊन टेकलं की. तेही कुरकुरत.”

“आणि पाहुणा आतल्या खोलीत बसला तर?”

“तर ते कशाला सरकतील? त्यांना काय पत्ता...” थोरली बोलता बोलता थांबली. मग खुर्ची ओढून पडद्याच्या अगदी जवळ बसली. चुंबक एका कणात आणि अतिवाहक दुसऱ्यात असता, तर अतिवाहकाच्या येण्यानं चुंबकाचं काय अडलं असतं? चुंबक आकसला, कारण दोघांना तेच इलेक्ट्रॉन हवे होते. बैठक एकच होती.

“भेसळ नाही गं,” ती म्हणाली. “तुझा खडा सोन्यासारखा आहे.”

सोमवारी भट्टी न्यायला माणसं ढकलगाडी घेऊन दारात आली, तेव्हा सर तोच आलेख पाहत होते.

“वीज बंद ठेवून पाहिलंत?”

“पाहिलं, सर.”

“पुन्हा गरम करून?”

“तेही.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग हसू त्यांना आवरेना. “म्यान रुंद निघालं म्हणायचं.” दाराकडं वळून ते म्हणाले, “भट्टीला हात लावू नका. बाईंना कोबाल्ट जरा कमी घालून नवा घाणा लावायचाय.”

धाकटीनं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. या खेपेला ते मनातल्या मनात राहिलं नाही, ओठांवर आलं.

थोरलीनं दारावरचा कागद अलगद सोडवला आणि घडी करून पर्समध्ये टाकला. “सोफ्याला चिकटवते.”

“सोफ्याला नका हो. त्यानंच तारलं आपल्याला.”

“मग तुझ्या दादांना लावते,” थोरली म्हणाली. “खरी जागा तेच अडवतात.”