परक्या ओढ्याचे पाणी

मी एक जुना पाणी तपासणारा मीटर आहे, मित्रांनो. माझ्यासोबत जे घडले, त्याचा उलगडा मला अजून झालेला नाही. तुम्हाला झाला तर मला जरूर सांगा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या बायका डोक्याला टोप्या घालून काम करत आणि शिंक आली की बाहेर पळत. त्यांनी मला आकडा दाखवायला एक छोटी काच दिली आणि एक लांब वायर दिली. वायरच्या टोकाची नळी पाण्यात बुडवली, की पाण्यात किती काय विरघळले आहे ते मी सांगतो. आकडा लहान असेल तर पाणी निर्मळ, मोठा असेल तर काहीतरी गडबड. माझे ज्ञान एवढेच! पण त्याच्या जोरावर मी आमच्या देशातल्या नद्या, विहिरी, नळ पालथे घातले. मला हाताळणाऱ्या आमच्या मॅडम सगळ्यांना सांगायच्या, "याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा." मी हरखून जायचो.

मग एकदा आम्ही परदेशी निघालो. तिथे आमचे सरकार तेलाचे मोठे कोठार बांधणार होते. मी चक्रावलो. तेल आमचे, जमीन त्यांची, ओढाही त्यांचाच. मग घाण झाली तर ती कोणाची? मॅडमनी आमच्या तुकडीच्या साहेबांना नेमके हेच विचारले.

साहेब म्हणाले, "म्हणून तर आधी तपासायचं. पाणी चांगलं निघालं तर कोठार लांब हलवायचं. आधीच खराब असेल तर काठावर बांधलं तरी चालेल."

हेही माझ्या डोक्यावरून गेले. आजारी माणसाला आणखी थोडे आजारी पाडले तर चालते का? पण मीटरला कोण विचारतो!

ओढ्याकाठी तंबू ठोकले. तंबूंच्या थोडे खाली, एका झाडापाशी, मॅडम मला रोज सकाळी पाण्यात बुडवत. आकडा मोठा यायचा. साहेब खूश व्हायचे. "पाणी मुळातच खराब आहे. सुटलो!"

तिथेच एक बाई कडेवर तान्हे बाळ आणि हातात बादली घेऊन पाण्याला येई. दुभाष्याला मध्ये घालून तिने विचारले, "तुम्ही रोज बघताय. हे पाणी बाळाला पाजू ना?" मॅडमनी माझी काच पुन्हा एकदा पाहिली. मला तर माझ्याच आकड्याची भीती वाटू लागली.

एके दिवशी आमचा आचारी तापाने फणफणला. चूल पेटलीच नाही. सगळ्यांनी बिस्किटांवर भागवले. आणि त्या सकाळी माझा आकडा एकदम लहान आला! मॅडमनी मला टपली मारली. "अरे बाबा, काल एक सांगतोस, आज एक. डोकं फिरलं का तुझं?" बाटलीतल्या पाण्यात, ज्याचा आकडा आधीच ठाऊक असतो, त्यांनी मला बुडवून पाहिले. तिथे मी अगदी बरोबर निघालो. मग मला काय झाले होते?

आचारी बरा होऊन कामाला लागला आणि आकडा पुन्हा चढला. आता मात्र मॅडम मला घेऊन ओढ्याच्या वरच्या अंगाला निघाल्या. थोडे चालायच्या, मला बुडवायच्या, पुन्हा चालायच्या. तंबूंपर्यंत आकडा मोठाच होता. तंबू ओलांडले आणि तो धाडकन खाली आला. मागे वळून बघतात तो काय! आचारी खडकावर बसून राख आणि साबण लावून पातेली घासत होता. फेस थेट आमच्या झाडाकडे वाहत चालला होता.

"अरे देवा!" मॅडम ओरडल्या. "घाण आपलीच, आणि मोजतोयही आपणच!"

आचारी गोंधळला. "मग पातेली घासू कुठे? डोक्यावर?"

साहेब भडकले. "पाणी खराब म्हणून वर कळवून झालंय. आता काय सांगू, आमच्या खरकट्याचा आकडा पाठवला? नाक कापलं जाईल!"

मॅडम हटल्या नाहीत. "कोठार काठावर झालं आणि तेल गळलं, तर ते त्या बाळाच्या पोटात जाईल, साहेब."

साहेबांनी खिशातून पेन काढले. मग म्हणाले, "मीटर बिघडला होता असं लिहा. नव्या आकड्यांवर मी आत्ता सही करतो."

मॅडमनी माझ्याकडे पाहिले आणि होकाराची मान हलवली. माझ्या पाठीवरून हात फिरवत त्या पुटपुटल्या, "माफ कर रे."

तंबू खालच्या अंगाला हलले. नवा मीटर आला. त्यानेही लहानच आकडा सांगितला. कोठार टेकडीपलीकडे गेले. मी कचेरीतल्या लोखंडी कपाटात आलो, गळ्यात "नादुरुस्त" अशी चिठ्ठी घेऊन.

मित्रांनो, कुणाच्या दारचे पाणी तपासायला गेलात, तर आधी आपली पातेली कुठे घासली जातात ते बघा. आणि आकडा आवडला नाही म्हणून बिचाऱ्या मीटरला टपल्या मारू नका. ते बाळ आता ओढ्यात पाय बुडवून खेळत असेल, या विचाराने मला बरे वाटते, खरेच वाटते. पण एक गोष्ट काही केल्या कळत नाही. "आमचं चुकलं" असे साहेबांनी सरळ सांगितले असते, तर पाणी काय कमी स्वच्छ निघाले असते?