आत्याचा मान

गोजरबाईनं लेकीच्या डोक्यावरचा पदर पुढं ओढला, उजव्या डोळ्यावर आणला आणि कानामागं घट्ट खोचला.

"एवढा झाकून ठेव. मग खुशाल जा पाळण्यापाशी."

सारजा हलली नाही. जन्मापासून तिचे दोन्ही डोळे घारे, आणि घाऱ्या नजरेची धास्ती अख्ख्या कळंबला. नवऱ्यानं टाकल्यावर ती माहेरी आली, तेव्हापासून तर जास्तच. भावाच्या थोरल्या लेकीचं बारसं झालं, तेव्हा ही सख्खी आत्या गोठ्यात बसून होती. बाळाच्या कानात नाव सांगायचा तिचा मान शेजारणीनं उरकला. जीव जळला, पण रुसून जायचं तरी कुठं?

मग डाव्या डोळ्यात काचबिंदू निघाला. बारामतीच्या डॉक्टरांनी नव्या औषधाचे थेंब दिले. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली राखायची, आणि बुबुळ मात्र काळं पडेल, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. वर्षभरात तो डोळा चारचौघांसारखा काळसर झाला. गोजरबाईला कोण आनंद!

"आय, ह्या डोळ्यानं नळीतनं बघितल्यागत दिसतंय. चांगला तर तू झाकलास."

"बघायचंय कशाला? नाव तर सांगायचं हाय. दुसऱ्यातबी औषध घाल म्हणलं, तर आयकत न्हाईस. असू दे, दगडापरीस वीट मऊ."

बायका खोळंबल्या होत्या. बाळाची आई मनिषा अवघडून बाजूला सरकली.

"या, वन्सं."

सारजा पाळण्यावर वाकली. नळीएवढ्या उजेडात टोपड्याची नाडी आली, मग दुपट्याची घडी, मग एक इवलासा कान. चेहरा काही सापडेना. तिनं त्या कानालाच तोंड लावलं.

"कुर्र... दादासाहेब!"

पाठीवर बायकांचे गुद्दे पडले. आयुष्यात पहिल्यांदा पडले. सारजाला इतकं बरं वाटलं की रडूच यायला लागलं, आणि भाच्याचं तोंड अजून पाहिलेलं नाही याचंही रडू त्यातच मिसळलं.

"कुणावर गेलाय गं?" कुणीतरी विचारलं.

पाळण्याभोवतीच्या नजरा सारजाच्या पदराकडं वळल्या. पदरावर गेलेला हात सारजानं खाली घेतला.

"माझ्यावर न्हाय," ती म्हणाली.

सगळ्या मोकळ्या हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं गोजरबाई हसली.