मावशीची संध्याकाळची परीक्षा

मावशीचे सांधे वर्षानुवर्षं धुमसत होते. आता तो धूर डोक्यातही शिरला होता. शिंप्याच्या दुकानात कापड बेतताना ती मधेच थांबायची. छातीचं माप ध्यानात, बाहीचं कुठे गेलं? पुन्हा एक सदरा वाया गेला तेव्हा मालक म्हणाले, "बाई, लक्ष नाही तुमचं. असंच चाललं तर कात्री दुसऱ्याच्या हातात जाईल."

मावशीची सारी भिस्त भाचीवर. पोरगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, आणि तिचं संशोधनच हे: जुनाट दुखणं आठवणीचं काय करतं. सकाळी दवाखान्यात रुग्णांना शब्द वाचून दाखवायचे, थोड्या वेळानं परत विचारायचे. मावशीनं घडाघडा सांगितले. बाकीच्यांनीही. म्हणजे कागदावर सगळे ठणठणीत!

भाची तोंड पाडून घरी आली. "मावशे, खरं सांग, आदल्या दिवशी काय केलंस?"

"रजा काढून लोळले. तुझी परीक्षा, तुझं नाक कापलं जायला नको!"

पोरीनं कपाळावर हात मारला. "अगं, सगळ्यांनी हेच केलं असणार!"

विचारलं, तर खरंच केलं होतं.

तिनं सरळ सरांना गाठलं. माझी पद्धत चुकली, म्हणाली. मुदत जवळ आलीय, सर म्हणाले. "मग पळते," म्हणाली आणि पळालीच. दिवसभराचं काम उरकून माणसं थकली की त्यांच्या कामाच्या जागीच चाचणी घ्यायची. मावशी बघत राहिली. एवढीशी चिमणी, पेरलेलं शेत मोडून पुन्हा पेरायला निघाली!

एका संध्याकाळी पोरगी मावशीच्या दुकानात आली. भाचीनं शब्द वाचले, मावशीनं ऐकले. थोड्या वेळानं, "सांग."

"दिवा... पाणी..." मावशी थांबली. ओठ हलले, शब्द येईना. दवाखान्यात घडाघडा बोललेली तीच बाई, पण डोळ्यांत नुसतं धुकं.

मालक इस्त्री बाजूला ठेवून पाहत होते. "सोंग नाही हो हे," ते हळूच म्हणाले.

"नाही," भाची म्हणाली. "सकाळी तिचं डोकं तुमच्याहून तल्लख असतं."

"ते मी कबूल करणार नाही," मालक म्हणाले. मग कात्री मावशीपुढे सरकवली. "बाई, कापड सकाळीच बेतून कापत जा. जेवणानंतर काजं-बटणं."

मावशीनं भाचीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "साफ नापास झाले ना गं मी?"

"साफ," भाची म्हणाली.

आणि मावशी, कित्येक महिन्यांनी, पोटभर हसली.