पाणी सोडायला शिकलेले फावडे

मित्रांनो, लोणावळ्यात सरुबाईंच्या परसात न्हाणीच्या भिंतीला टेकून उभे असलेले, पाते झिजून निम्मे झालेले जुने फावडे म्हणजे मी. कोणी थांबून बघावे असे आता माझ्यात काही उरलेले नाही. पण एके काळी आंदर मावळातल्या एका गावात माझे नाव होते, आणि ते मी स्वतःच सांगितले नाही तर दुसरे कोण सांगणार?

कामशेतच्या लोहाराने मला घडवले. भिमाजीआबांनी मला घरी आणले आणि बाभळीचा दांडा स्वतः तासून बसवला. आबांची भाताची तीन खाचरे होती. भाताला पाणी उभे लागते. ते टिकले तर पीक, नाहीतर नुसते गवत. बांधाला खेकड्याने बीळ पाडले किंवा कुठे पाणी झिरपू लागले, की आबा मला घेऊन धावत. चिकण चिखल ओढायचा, भोकावर थापायचा आणि माझ्या पाठीने ठोकून गुळगुळीत करायचा. चोवीस पावसाळे आम्ही हेच केले. आबांचा बांध एकदाही फुटला नाही. गावात कोणाचा बांध गळू लागला की आबांना बोलावणे येई आणि मी त्यांच्या खांद्यावर बसून ऐटीत जाई. खोटे कशाला बोलू, मला तेव्हा चांगलाच गर्व चढला होता.

मग खाली खिंडीत धरण बांधले आणि आमचे गाव पाण्याखाली गेले. ज्या माणसाने जन्मभर पाणी अडवले, त्याची खाचरे अडवलेल्या पाण्यातच बुडाली. याचे दुःख मला आजही आहे.

आबांचा मुलगा गेणू लोणावळ्याला रेल्वेत लागला होता. त्याच्या दोन खोल्यांत सगळे राहायला आले. तिथे आबा सकाळी ओट्यावर बसत ते दिवस मावळेपर्यंत उठत नसत. दोन वर्षे त्यांनी कशालाही हात लावला नाही. जेवायला अर्धी भाकरी, तीही सून सरुबाई समोर बसून राहिली तर. हा माणूस असा बसल्या बसल्याच एक दिवस संपेल, अशी धास्ती सरुबाईंनी घेतली होती. एकदा गेणूजवळ त्या तसे बोलल्याही.

सरुबाईंनी गावाहून दोडक्याचे बी आणले होते. आबांच्या आईच्या हातचे, वर्षानुवर्षे परसात लावून राखलेले. इथे आल्यावर त्यांनी ते एकदा लावूनही पाहिले, पण या परसात बोटभर मातीखाली कातळ. पाणी साचले आणि वेल कुजले. आता चिंधीत फक्त अकरा बिया राहिल्या होत्या. त्या गेल्या की गावातले जिवंत असे घरात काहीच उरणार नव्हते.

शेजारच्या बंगल्यावर इनायतभाई माळीकाम करत. त्यांनी उंच वाफ्याची युक्ती सांगितली. गुडघाभर उंच दगडांची कड रचायची, तळाशी फुटके दगड घालायचे, वर पालापाचोळा, शेणखत आणि मग माती. दगडांमधल्या फटी मात्र उघड्या ठेवायच्या, हे त्यांनी तीनतीनदा बजावले. इथला पाऊस वाफ्यात आला तर येऊ द्या, पण मुक्कामाला राहू देऊ नका, असे ते म्हणाले. सरुबाईंनी आठ दिवस खपून वाफा उभा केला. माती मी ओढली. आबा तिकडे तोंड फिरवून बसले होते. इनायतभाईंचे बोलणे त्यांनी ऐकलेच नाही.

अकरापैकी सात बिया उगवल्या. वेल हातभर झाले आणि आषाढाची झड लागली. एके दुपारी गेणू कामावर होता, सरुबाई बाजारात गेल्या होत्या. आबांची नजर सहज वाफ्याकडे गेली. दगडांच्या फटीफटींतून तांबूस पाणी वाहत होते. आबा ताडकन उठले. दोन वर्षांनी त्यांचा हात माझ्या दांड्यावर पडला. परसामागच्या ओहोळाच्या कडेचा चिकण चिखल ओढून त्यांनी एकेक फट बुजवली, माझ्या पाठीने ठोकली, गुळगुळीत केली. मित्रांनो, मला इतका आनंद झाला होता की इनायतभाईंचे शब्द आठवलेच नाहीत. आठवले असते तरी मी काय करणार होते? मला तोंड कुठे आहे!

त्या संध्याकाळी आबांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. सरुबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. भूक आज अशी कशी लागली, हे त्यांनी विचारले नाही. पुढचे दोन दिवस पावसाने कोणाला परसात पाऊल टाकू दिले नाही.

तिसऱ्या दिवशी पाहिले, तर वाफ्याचे खाचर झालेले. काठोकाठ पाणी, आणि वेल पिवळे पडून त्यात लोळत होते. गेणूचा पारा चढला. त्याने मला माळ्यावर फेकले आणि आबांना सांगितले, "आबा, तुमी आता कशाला हात लावू नका." आबा ओट्यावर जाऊन बसले. त्या दुपारी त्यांनी अर्धी भाकरीही परत पाठवली.

सरुबाई वाफ्यापाशी गेल्या. सातांतले दोन वेल कडेला कसेबसे तग धरून होते. हाताने एक फट मोकळी करणे त्यांना सहज जमले असते. त्या तशाच वळल्या, घरात आल्या, माळ्यावरून मला काढले आणि आबांसमोर धरले.

"आबा, बांध तुमीच घातला, आता पानीबी तुमीच सोडा," त्या म्हणाल्या. "दोन येल हाईत अजून."

आबांनी माझा दांडा धरला, पण ते उठले नाहीत.

"सरू, पानी धरायचं तेवढं ठावं हाय मला," ते म्हणाले. "सोडायचं कुनी शिकवलंच न्हाई."

"मलाबी न्हाई. चला."

आबा उठले. पहिल्या फटीवर त्यांनी मला टेकवले. स्वतः घातलेला बांध त्यांनी कधी फोडला नव्हता, आणि मीही. चिखलाचा गोळा निघाला, पाणी भळभळ बाहेर पडले. मग दुसरी फट, मग तिसरी. पाणी निघून जाताना आबा मोठ्याने रडले. गाव बुडाले तेव्हाही ते रडले नव्हते.

दोहोंपैकी एक वेल जगला. पावसाळाभर आबा रोज सकाळी मला घेऊन वाफ्याभोवती फिरत आणि एकेक फट मोकळी आहे का ते बघत. त्या वेलाला पाच दोडके आले. चार शिजले. पाचवा बियांसाठी वेलावरच वाळला. दिवाळीनंतर आबांनी तो फोडला, बिया ओंजळीत घेतल्या आणि थोड्याथोड्या बियांच्या पुड्या बांधल्या. आमच्या गावची माणसे जिथे जिथे पांगली होती, थेट सुदुंबऱ्यापर्यंत, तिथे ते एकेक पुडी घेऊन पायी गेले. प्रत्येक घरी वाफा कसा रचायचा ते सांगितले, आणि आपण काय चूक केली तेही.

त्याला आता पंचवीस वर्षे होत आली. आबा नाहीत. मित्रांनो, काम झाल्यावर आम्हा अवजारांचा चिखल धुवा, आम्हाला कोरड्या जागी ठेवा, एवढे तर कोणतेही फावडे सांगेल. माझे मागणे थोडे जास्त आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातून काम बिघडले, तर त्याच्याजवळ उभे राहा, कुठे चुकले ते दाखवा. पण त्याच्या हातातले फावडे काढून घेऊ नका.